तीन सीटा शेजारी-शेजारी पाहिजेत: इंग्लंडात मॅच बघायला जाताना

ऑक्टोबरात आम्ही तिघं भावंडं, ताई, मी आणि बारका, दहा दिवस इंग्लंडला जाऊन आलो. आम्ही कोल्हापूरचे त्यामुळं फुटबॉल घरातच, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या इथल्या दोन टीमची मॅच असली की त्या दिवशी आमच्यात जेवायला उशीर ठरलेला. तिकिटांबद्दल मुद्दाम लिहितोय कारण विमान, हॉटेल पैसे टाकले की होतं, मॅचच्या तिकिटाचं तसं नाही.

बारका लिव्हरपूल क्लबवाला, त्याला त्यांचं अ‍ॅनफिल्ड स्टेडियमच पाहिजे. तिघांची मेंबरशिप काढली (मेंबरशिप म्हणजे तिकीट नव्हे, नुसता अर्ज करायचा हक्क, हे पैसे भरल्यावर डोक्यात शिरलं), अकाउंट जोडून बॅलटला, म्हणजे तिकिटांच्या सोडतीला, नावं टाकली आणि एकही मॅच लागली नाही. स्टेडियम ६१ हजारांचं, पण सीझन तिकीटवाले वजा केले की उरतं किती. त्यात एकट्याला कुठंतरी कोपऱ्यात सीट मिळून जाते, तिघांना शेजारी पाहिजे म्हटलं की संपलं. ताई म्हणाली वेगवेगळे बसू. म्हटलं मग तिकडं कशाला जायचं, घरातच तीन खोल्यांत तीन टीव्ही लावू की.

मधे ताईला एका रिसेल साइटवर तीन सीटा दिसल्या, किंमत तिप्पट, सीट नंबर नाही, नुसता ब्लॉक. ती पैसे भरणारच होती. अजिबात भरू नका. इंग्लंडात क्लबच्या परवानगीशिवाय तिकीट विकणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि तसलं तिकीट क्लबनं रद्द केलं तर तुम्ही गेटवर उभे. क्लबचं स्वतःचं एक्सचेंज असतं (ज्यांना जायचं नाही त्यांची तिकिटं क्लबमार्फतच परत विकायची सोय), तिथलं घेतलेलं चालतं.

शेवटी मोठ्या नावाचा नाद सोडला आणि लंडनच्या फुलहॅम क्लबची मेंबरशिप घेतली. विक्री तिकडच्या सकाळी १० ला म्हणजे आपल्याकडं दुपारी अडीच (थंडीत घड्याळ बदलतात तेव्हा साडेतीन), ताई ऑफिसातून, मी दुकानातून, बारका घरातून, तिघंही ऑनलाइन रांगेत. नंबर ताईचा आधी लागला आणि नेमकं तिच्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद! तिनं माझ्या कार्डाचा नंबर टाकला, मी फोनवर ओटीपी ओरडून सांगतोय, गिऱ्हाईक बघतंय. मिळाल्या, तीन, एका ओळीत. कार्ड आदल्या दिवशीच चालू करून ठेवा.

आणि मॅचची तारीख पक्की समजू नका. टीव्हीसाठी शनिवारची मॅच रविवारी नाहीतर सोमवारी सरकवतात. आमची रविवारवर गेली, त्या दिवशीची लिव्हरपूलची रेल्वेची स्वस्तातली तिकिटं वाया. मॅचच्या मागंपुढं दोन दिवस मोकळे ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमधे इंटरनॅशनल ब्रेक (देशांच्या टीमच्या मॅचसाठी सुट्टी) असतो, त्या वीकेंडला प्रीमियर लीग, म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, नसतेच, विमान काढायच्या आधी हे बघा.

फुलहॅमच्या स्टेडियमला जायला पटनी ब्रिज स्टेशनला उतरायचं आणि थेम्सच्या कडेनं बिशप्स पार्कमधून चालत जायचं, सगळी गर्दी तिकडंच चाललेली असते. तिकिटं मोबाइलवर, आधीच एकेक ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवून ठेवा, बारक्याची बॅटरी गेटवर ४ टक्के होती. मोठी सॅक नेऊ नका. आम्ही जॉनी हेन्स स्टँडमधे होतो, १९०५ चा, खुर्च्या अजून लाकडी, मॅच रंगात आली की सगळे एकदम उठतात आणि खुर्च्या खाडखाड मिटतात, तो आवाज अजून कानात आहे. बिअर सीटवर नेता येत नाही, मैदान दिसतं तिथं प्यायला बंदी आहे, खाली जिन्यापाशीच उभं राहून संपवायची. होम स्टँडमधे समोरच्या टीमचा टीशर्ट घालू नका आणि त्यांच्या गोलला ओरडू तर नकाच. बारका सवयीनं 'आयला, काय मारला!' म्हणून उठला, पुढच्या ओळीतल्या आजोबांनी नुसतं वळून बघितलं, गडी खाली बसला तो हाफ टाइमपर्यंत.

अजून एक मॅच बघायची असंल तर खालच्या लीगमधे बघा. लंडनमधेच लॉफ्टस रोड स्टेडियमला क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) क्लबची सहज मिळाली, मैदान इतकं जवळ की प्लेअरांच्या शिव्या ऐकू येतात.

अ‍ॅनफिल्डची मग नुसती स्टेडियम टूर केली, रेल्वेचे पैसे दुसऱ्यांदा भरून. ते अजून बारक्याकडनं यायचे आहेत.