पांढरी एक ते पांढरी सात

काल संध्याकाळी ४७ नंबरच्या ट्रामने डॅन्यूब ओलांडली आणि बुडापेस्ट म्युझिक सेंटरला चौघांचं वादन ऐकायला गेले. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. कार्यक्रमात हायडन आणि बार्टोक या संगीतकारांच्या रचनाही होत्या, पण माझा जीव अडकला होता मधल्या दहा मिनिटांत. हंगेरियन संगीतकार कुर्ताग ड्यर्ड यांच्या 'बारा मायक्रोल्यूड्स'मध्ये, म्हणजे बारा अगदी छोट्या तुकड्यांत. (हंगेरीत आडनाव आधी, नाव नंतर.)

ही १९७७-७८ सालची रचना. काही तुकडे तर अर्ध्या मिनिटातच संपतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हाती काहीच लागलं नव्हतं. माझा कान सवाईच्या मांडवात तयार झालेला. विलंबित ख्यालात राग सावकाश उलगडणार, हे धरूनच बसणारा. इथे बैठक जमायच्या आतच सगळं आटोपलं होतं.

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या एका निवृत्त पियानो शिक्षिकेने समजावलं. पहिला तुकडा 'सी' या स्वराभोवती, दुसरा त्याच्या अर्धा स्वर वर, असं करत बारावा 'बी'पाशी. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरची पेटी उभी राहिली. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन... थेट पांढरी सातपर्यंत! त्या दिवसापासून मी प्रत्येक तुकड्यात त्याचा आधारस्वर शोधत जाते. कधी तो चेलोत दबा धरून बसलेला असतो, कधी सगळ्यांच्या वर तरंगत असतो.

इतकं कमी लिहिण्यामागे मोठी कहाणी आहे. १९५७ मध्ये कुर्ताग पॅरिसला गेले ते मनाने पार खचून. तिथे मारियान स्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना सांगितलं, आधी फक्त दोन स्वर एकमेकांना जोडून बघा. त्या काळात ते काड्यापेटीच्या काड्या मांडून आकृत्या करत. बुडापेस्टला परतल्यावर १९५९ मध्ये त्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट (अशाच चार तंतुवाद्यांसाठीची रचना) लिहिलं, त्याला 'कृती क्रमांक १' म्हटलं आणि ते स्टाइनबाईंना अर्पण केलं. वय ३३. आधीचं सगळं लेखन मागे टाकून पुन्हा एकपासून मोजायला केवढं धैर्य लागलं असेल!

पुढे बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत, म्हणजे इथल्या संगीत महाविद्यालयात, त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं, तेही रचना नव्हे, वादन. दोन स्वरांमधली जागा नीट येईपर्यंत ते विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नसत. आपल्याकडे गुरू महिनोन् महिने षड्ज लावून घेतात, त्याच जातीची ही तालीम. मला ते परके वाटेनासे झाले ते इथे.

आणि त्यांच्या पत्नी मार्ताबाई. १९४७ पासूनची साथ, २०१९ मध्ये त्या गेल्या. दोघं एकाच उभ्या पियानोवर शेजारी बसून वाजवत, तेही आवाज दबवणारं पेडल लावून, घरात कुणी झोपलं असावं तसं. त्यांची ध्वनिचित्रमुद्रणं जरूर बघा. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून पलीकडे जातो, तेव्हा माझे डोळे दर वेळी भरून येतात.

काल बारावा तुकडा संपला आणि चौघांचे गज हवेत तसेच थांबले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू एका लयीत आल्या. इथल्या श्रोत्यांची ही रीतच आहे.

पुढच्या महिन्यात कुर्ताग यांचे 'काफ्का तुकडे' आहेत, लेखक काफ्काच्या ओळींवर रचलेले. एक गायिका, एक व्हायोलिन, चाळीस तुकडे, जवळपास तासभर. तिकीट काढून ठेवलंय.