एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स) पीएचडी: कोर्सवर्कचा क्रम आणि कॉम्प्रिहेन्सिव्हची तयारी

कोर्सवर्क आखताना बरेच जण आवडीचे सेमिनार आधी उरकतात आणि स्टॅटिस्टिक्स पुढे ढकलतात. उलटं करा. रिग्रेशन (घटकांमधला संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) पहिल्याच सेमिस्टरला हवं. त्याशिवाय इकॉनोमेट्रिक्स किंवा स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग डोक्यावरून जातं. शिवाय असे प्रगत कोर्स अनेक विभागांत दरवर्षी नसतात. एक हुकला की प्रबंधाचा प्रस्ताव वर्षभर लांबतो. म्हणून नावनोंदणीआधीच पुढच्या चार सेमिस्टरचं वेळापत्रक विभागाकडून मागून घ्या.

कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी, म्हणजे कोर्सवर्कनंतरच्या सर्वंकष परीक्षेसाठी, नुसते संशोधन-पेपर हायलाइट करणं म्हणजे अभ्यास नव्हे (मन रमतं, एवढंच). प्रत्येक पेपरला एक पान: प्रश्न, सिद्धांत, डेटा, पद्धत, निष्कर्ष आणि सगळ्यात कच्चा दुवा. उदाहरणार्थ, डेव्हिस, 1989: तंत्रज्ञान स्वीकारण्यामागे उपयुक्तता आणि वापरातली सुलभता या दोन धारणा. कच्चा दुवा? वापर मोजला तो लोकांनी स्वतः सांगितलेला, सिस्टिमच्या लॉगमधला नव्हे. मग माहिती प्रणालीचं यश कशावरून ठरवायचं हे सांगणारं डीलोन-मॅक्लीनचं 1992 चं मॉडेल आणि त्यांचीच 2003 ची सुधारित आवृत्ती शेजारी ठेवा: सेवेची गुणवत्ता नव्याने आली, वैयक्तिक आणि संस्थात्मक परिणाम 'निव्वळ लाभां'त मिसळले. असं का, हे दोन परिच्छेदांत लिहिता आलं पाहिजे. परीक्षकांना सारांश नको असतो, पेपरांमधलं नातं हवं असतं.

शेवटचे सहा आठवडे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवा. चार तासांत तीन प्रश्न असतील तर एकाला 80 मिनिटं, त्यातली पहिली 10 आराखड्याला. घात होतो तो बहुधा पहिल्याच उत्तरात: त्यावर दोन तास जातात आणि तिसरं अर्धवट राहतं.