होडीचं मशीन बदलताना पंख्याकडे बघा

आमची वर्सोव्याची 24 फुटी फायबरची होडी, मागच्या फळीला अडकवलेलं जुनं टू-स्ट्रोक मशीन (आउटबोर्ड) पार दमलेलं, म्हणून 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत नवीन बसवायचं ठरलं. ज्याला विचारावं तो म्हणे 40 कशाला, 60 एचपी घे. पण मागच्या फळीला झेपायला पाहिजे ना! होडी बांधणाऱ्याने 40 च्या वर नको म्हणून स्पष्ट सांगितलं, तिथेच विषय संपला. फोर-स्ट्रोक घेतलं, पेट्रोल कमी खातं, ऑइल मिक्स करायची कटकट नाही, मात्र वजनाला जड, होडी मागे बसायला लागते, म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवून घेतली.

शाफ्टचं, म्हणजे मशीनपासून खाली पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जाणाऱ्या दांड्याचं माप दुकानात जायच्या आधीच घ्या. मशीन जिथे अडकवतो तिथून होडीच्या तळापर्यंत सरळ टेप लावायची, 15 इंच आलं तर शॉर्ट, 20 तर लाँग, 25 तर एक्स्ट्रा लाँग. आमचं 20 भरलं. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती साधारण तळाच्या लेव्हलला यायला हवी, फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मशीन नुसतं किंचाळतं आणि होडी पुढे जात नाही.

आणि आता खरी गोष्ट, पंखा. त्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जायला पाहिजे ते, अर्थात पाण्यात तेवढा जात नाही, थोडा घसरतोच. मशीनसोबत 13 पिचचा आला होता. पप्पा म्हणाले रिकाम्या होडीची ट्रायल काय कामाची, जाळी, बर्फ, माणसं सगळं भरून मढच्या बाजूला घेऊन चल. फुल थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे मशीनचे मिनिटाचे फेरे, 4700 च्या वर चढेचनात, आणि मशीनच्या पुस्तकात 5000 ते 6000 लिहिलेलं! असं ओझ्याखाली दाबून रोज चालवलं की मशीनचं आयुष्य जातं, पेट्रोलही जळतं ते वेगळं. पिच एक इंच कमी केला की अंदाजे दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, या हिशोबाने 10 चा लावला, भरल्या होडीला 5300 मिळाले, रिकामी 5800, म्हणजे दोन्हीकडे बरोबर बसलं. टॉप स्पीड थोडा गेला पण भरलेली होडी आता उधाणातसुद्धा ओढाताण न करता निघते, आम्हाला तेच पाहिजे होतं.

स्टीलचा नाही, अॅल्युमिनियमचाच घेतला. आमच्या खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, आपटला तर पातं वाकेल पण गिअरवर धक्का कमी जातो, शिवाय स्वस्त. 13 वाला फेकला नाही, नट, स्प्लिट पिन आणि पान्यासकट होडीतच ठेवलाय, कारण आपल्या पाण्यात प्लास्टिक आणि दोऱ्या इतक्या की पंखा कधी काढायला लागेल सांगता येत नाही.