मोजे उतरवल्याशिवाय मधुमेहाची तपासणी पुरी होत नाही

साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), रक्तदाब, वजन सगळं कागदावर उतरतं, आणि पाय मात्र बुटातच राहतात. मधुमेहाच्या दवाखान्यात सुधारणा करायची तर पहिली गोष्ट फुकटची आहे. रुग्ण डॉक्टरांसमोर येईल तेव्हा बूट-मोजे आधीच काढलेले असावेत. आत आल्यावर काढायला सांगायचं ठरवलं, तर गर्दीच्या दिवशी कोणी सांगत नाही.

बोटांच्या बेचक्या, टाच, चवडा, नखं हे तर बघायचंच, पण बुटात हात घालून आतूनही चाचपायचं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाखाली एखादा खडा दिवसभर राहू शकतो.

संवेदनेसाठी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या जोराने दाबल्यावर वाकणारा नायलॉनचा तंतू, लागतो. आधी तो रुग्णाच्या हाताला लावून स्पर्श कसा असतो ते कळू द्यावं. मग डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याचा तळ आणि चवड्यावर अंगठ्याच्या व करंगळीच्या बुडाशी तंतू काटकोनात टेकवायचा आणि वाकेल एवढाच दाबायचा. टेकवणं, वाकवणं, उचलणं मिळून साधारण दोन सेकंद. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श, आणि एकदा न लावताच "आता लागतंय का?" हा प्रश्न, कारण माणूस सवयीने "हो" म्हणतो. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजा जाणवून देणारी संवेदना, नाही असं धरावं. घट्ट्यावर चाचणी करू नये. शिवाय दहा-पंधरा रुग्णांनंतर तंतू थकतो, त्याचा जोर बदलतो. पुढचे 24 तास तो बाजूला ठेवावा. हे फारसं पाळलं जात नाही.

घरी तंतू नसला तरी चालतं. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या हलकेच, एक-दोन सेकंद शिवायच्या. टोचायचं नाही, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे.

संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. दोन्हींपैकी एकच बिघडलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बदलला, तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी जखम झालेल्या बधिर पायाला एक ते तीन महिन्यांनी, कारण भरलेली जखम पुन्हा उघडण्याचा धोका मोठा असतो. रक्तपुरवठ्याबद्दल एक सावधगिरी: मधुमेहात धमन्या कॅल्शियमने कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेला रक्तदाब खोटाच चांगला येऊ शकतो. शंका असेल तर पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा.

तळव्यावरची जखम भरत नाही तेव्हा आपण मलम बदलत बसतो. खरं कारण बहुधा भार असतं. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालतो, प्रत्येक पावलाला तेवढीच जागा चिरडली जाते. रक्तपुरवठा ठीक असेल आणि मोठा जंतुसंसर्ग नसेल, तर गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हा सर्वांत खात्रीचा उपाय. काढता येणारा बूट घरात शिरताच काढला जातो. जखमेच्या कडेचा घट्टा दर भेटीत तासायला हवा, पण प्रशिक्षित हातांनी. घरी पातं किंवा कुरूपाची पट्टी नको. त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. जंतुसंसर्गाची चिन्हं नसलेल्या जखमेला प्रतिजैविकं देऊन काही साधत नाही.

रोजच्या गोष्टी थोडक्यात. पाणी 37 अंशांहून गरम नको, आणि ते पायाने तपासायचं नाही. पाय भिजत ठेवायचे नाहीत. बेचक्या कोरड्या, क्रीम बाकीच्या पायाला. नखं सरळ कापायची. बूट आतून पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवा, आणि माप उभं राहून, शक्यतो संध्याकाळी घ्यायचं. घरातही अनवाणी चालायचं नाही.

जखम नसताना एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला आणि फारसा दुखत नसला, तर शार्को पाय असू शकतो. त्यात हाडं आतून मोडत असतात, पण सुरुवातीचा एक्स-रे साफ येतो आणि संधिवात किंवा संसर्ग समजून औषधं सुरू होतात. दोन पायांवर त्याच जागचं तापमान मोजावं. सुमारे 2 अंश सेल्सिअसचा फरकही बोलका असतो. निदान पक्कं होण्याची वाट न पाहता त्या पायावरचा भार त्याच दिवशी काढावा.