दहापैकी नऊ ठिकाणी 'अतिशय'

मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर बसले होते, तेवढ्यात एक शिकाऊ डॉक्टर आला, माझ्या मुलाच्या वयाचा, हातात कागदांचा गठ्ठा. म्हणाला काकू पाच मिनिटं आहेत का, थीसिससाठी एक फॉर्म भरून घ्यायचाय, तुम्ही जो इन्हेलर वापरता त्यावर तुम्ही किती समाधानी आहात ते बघायचंय. म्हटलं विचार बाबा, नंबर यायला तसाही तासभर आहे.

दहा प्रश्न होते. शिकायला सोपं गेलं का, हाताळायला बरं वाटतं का, औषध आत पोचतंय असं वाटतं का, पर्समध्ये मावतं का, असलं. आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, अतिशय, बऱ्यापैकी, थोडंफार, फारसं नाही, अजिबात नाही. मी नऊ ठिकाणी 'अतिशय'वर बरोबरची खूण केली. चारचौघांत घ्यायला संकोच वाटतो का असा एक होता, तिथे जरा घुटमळले, बाकी सगळीकडे मोकळ्या मनाने. खोटं कशाला बोलू, मला तो रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूल घालून तिच्यातली पावडर श्वासाने ओढायची डबी, आवडायचाच.

त्याने फॉर्मची घडी केली आणि म्हणाला, आता एकदा माझ्यासमोर घेऊन दाखवा.

आधी मागचं थोडं सांगते म्हणजे समजेल. मी सोलापूरची. घरी कडक भाकरीचा व्यवसाय, ज्वारीची आणि बाजरीची, वर शेंगा चटणी. बावीस वर्षं झाली. कडक भाकरी म्हणजे नुसती भाजून भागत नाही, मंद आचेवर पार वाळून कुरकुरीत व्हावी लागते, म्हणजे चुलीपुढे तासन्‌तास. गॅस होता घरात, पण गिऱ्हाईक म्हणायचं मावशी चुलीवरचीच द्या. त्याआधी माहेरीही चूलच, आई फुंकणीने जाळ करायची आणि मी शेजारी बसून भाकरी उलटायचे, तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बिडी-सिगारेट आयुष्यात नाही. त्यामुळे सकाळी खोकला, कफ, जिना चढताना धाप, हे सगळं पन्नाशी आली म्हणून असं मी धरून चालले होते.

मधे सगळे उपाय झाले. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतलं दम्याचं औषध दोनदा घेतलं, रात्रभर जागून. मग जाऊबाई म्हणाली हैद्राबादला चल, मृगाला माशाचं औषध देतात, तीन वर्षं सलग घेतलं की दमा जातो म्हणे. आम्ही शाकाहारी, तर आम्हाला गुळातून मिळालं. लाईनीत सहा तास उभं राहून माझी जी हालत झाली त्यानंतर दुसऱ्या वर्षी कोणी नाव काढलं नाही. दोष कोणाला देत नाही, माणूस दम लागला की काहीही करतो. पण या नादात दोन-तीन वर्षं गेली हे खरं.

मग जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत नातवाला पाळण्यात बसवायला नेलं आणि तिकीट खिडकीपर्यंतसुद्धा पोचले नाही. मधेच एका खेळण्याच्या दुकानापुढे खाली बसले, ओठ निळे पडलेत असं सून म्हणाली. तिथून थेट छातीचे डॉक्टर.

त्यांनी फुंकायची टेस्ट करायला लावली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी, आणि समोरची बाई ओरडते फुंका फुंका फुंका अजून अजून अजून, निदान सहा सेकंद. मला तर बाळंतपणच आठवलं. मग पंपाचे, म्हणजे दाबला की औषधाचा फवारा मारणाऱ्या इन्हेलरचे, चार पफ देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवलं आणि परत तेच. रिपोर्टमध्ये एक आकडा सत्तरच्या खाली असला की नळ्या अरुंद झाल्यात असं समजायचं, माझा औषध देऊनही अठ्ठावन्न. सीओपीडी म्हणाले, म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आणि दम्याचाही थोडा भाग आहे. मी म्हटलं हा तर बिडीवाल्यांचा आजार ना. डॉक्टर म्हणाले चूल काय कमी आहे का, आपल्याकडे बिडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका या आजाराने येतात. रात्री मच्छर अगरबत्ती लावता का तेही विचारलं. लावायचो की, दार-खिडक्या बंद करून. ते पहिल्यांदा बंद झालं.

तर रोटाहेलर आणि तीस कॅप्सूलची बाटली घेऊन घरी आले. शिकवलं मेडिकलवाल्या पोराने, काउंटरवरूनच, मागे चार गिऱ्हाईकं. कॅप्सूल इथे घाला, हे फिरवा, ओढा, झालं. दोन मिनिटं पण लागली नाहीत. मलाही सोपं वाटलं. शेजारची आजी म्हणाली, "पंपाची सवय लागती बघ, एकदा लागला की सुटत नाय," आणि म्हणून मला त्यातल्या त्यात कॅप्सूलवालं बरं वाटायचं, म्हटलं हा काय तो पंप नव्हे. आतमध्ये जवळपास तेच औषध असतं हे मला कोण सांगणार.

सहा महिने मनापासून घेतलं. एक दिवस चुकवला नाही. तरी खोकला जागेवरच, दोनदा रात्री नेब्युलायझरला, म्हणजे मशीनवर औषधाची वाफ घ्यायला, न्यावं लागलं. पण माझा त्या डबीवर राग नव्हता, उलट वाटायचं ती आहे म्हणून एवढ्यावर निभावलं.

आता त्या ओपीडीच्या बाकड्यावर या. मी पर्समधून रोटाहेलर काढला. त्यात कॅप्सूल आधीच होती. पोरगा म्हणाला ही कधी भरली? म्हटलं रात्री. का? तर सकाळी पाचला माझे हात पिठात असतात ना. पीठ लागलेल्या ओल्या बोटांनी कॅप्सूल उचलली की ती चिकटते, मऊ पडते, दोनदा तर बोटातच चेपली. म्हणून मी शहाणपणा केला, रात्री झोपताना सकाळची भरून, फिरवून, फोडून तयार ठेवायची. मला वाटायचं किती व्यवस्थित आहे मी. त्याने डबी उघडून मला आत दाखवलं. कॅप्सूलचे दोन तुकडे आणि त्यांच्या आत पांढरी भुकटी गोळा होऊन चिकटलेली, डब्याच्या तळाशी साखर ओलसर होऊन बसते ना तशी. पावसाळ्याची हवा, त्यात रात्रभर फोडून ठेवलेली. म्हणाला ही कॅप्सूल फोडली की लगेच ओढायची असते काकू.

मग नवी भरली आणि म्हणाला घ्या. मी डबी तोंडाला लावली, आधी डबीतच श्वास सोडला, आणि मग सावकाश, अगदी सावकाश आत घेतला. आमच्या गल्लीत योगाच्या मॅडम येतात, त्यांनी शिकवलेलं दीर्घ श्वसन, मला त्याचा अभिमान. पोरगा हसला नाही हे त्याचं चांगलं. म्हणाला दोन गोष्टी झाल्या. डबीत श्वास सोडला की तोंडाची वाफ पावडरीला लागते, सोडायचा तो बाहेर तोंड करून. आणि ही पावडर आहे, हिला उडवायला फक्त तुमच्याच श्वासाचा जोर आहे, ती काय आपोआप येत नाही, म्हणून एकदम जोरात आणि खोल ओढायचं. सावकाश ओढली की तोंडातच राहते. मी म्हटलं पण मला तर चव लागते, गोड, रोज लागते! मला तोच पुरावा वाटायचा की औषध गेलं. म्हणाला तो गोडवा लॅक्टोजचा, औषधासोबत मिसळलेली दुधातली साखर असते, आणि जिभेवर एवढी लागते म्हणजे माल जिभेवर उतरतोय, फुप्फुसात नाही.

सहा महिने मी पिठीसाखर चाखत होते म्हणा की. आणि दहापैकी नऊ 'अतिशय'.

त्याने एक शिट्टीसारखं छोटं मीटर आणलं, त्यात उलटं, म्हणजे आत ओढायचं, तेवढा जोर माझ्याकडे आहे का बघायला. तीनदा ओढलं. काटा त्याला पाहिजे तिथवर गेला नाही. मग मोठ्या डॉक्टरांशी बोलून मला पंप दिला, तोच तो पंप, आणि सोबत स्पेसर. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचं भलंमोठं नळकांडं, एका टोकाला पंप बसतो, दुसरं तोंडात. साडेतीनशे रुपये. तो बघून मी म्हटलं हे मी एसटीत कसं काढणार? पंप नुसताच घेतला तर नाही का चालणार? म्हणाला दाखवा घेऊन. दाबला, एकदम गार फवारा घशावर आदळला, मी खोकत बसले आणि अर्धा धूर नाकातून बाहेर. दाबायचं आणि त्याच क्षणी श्वास सुरू करायचा हे जमणं सोपं नाही, आणि जमलं तरी बराचसा फवारा घशालाच चिकटतो. स्पेसरमध्ये तो आधी मोकळा होतो, मग आपण आपल्या गतीने घ्यायचा.

आणि इथे उलटं! पंपाला सावकाश. जे मी पावडरीला करत होते ते इथे बरोबर होतं. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक पफ दाबायचा, चार-पाच सेकंद लावून हळूहळू आत घ्यायचा, दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा. अर्ध्या मिनिटाने दुसरा. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये दाबायचे नाहीत. डॉक्टरने मला तीनदा करायला लावलं आणि मग म्हणाला आता तुम्ही मला शिकवा. ही युक्ती मला फार आवडली, कारण शिकवताना मी हलवायचं विसरले होते ते माझं मलाच कळलं.

पहिला महिना मी त्या नळकांड्याला शिव्या घातल्या. तीन आठवड्यांनी जिभेवर पांढरे ठिपके आले, तिखट लागेना, आणि सोलापुरात तिखट लागलं नाही तर खायचं काय. यात स्टेरॉईड आहे, घेतल्यावर खळखळून गुळण्या करून थुंकायच्या असतात, हे सांगितलं होतं, मी नुसतं पाणी पीत होते. स्टेरॉईड शब्द ऐकून मुलगा घाबरला, बंद कर म्हणाला. मग मी विचारून आले तर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, एक मिलिग्रॅमचे हजार होतात, आणि गोळ्यांसारखं सगळ्या अंगभर न जाता बहुतेक जागेवरच काम करतं. गुळण्या सुरू केल्या, औषधाचे थेंब दिले, ठिपके गेले.

दुसरं म्हणजे मी स्पेसर घासून, फडक्याने लख्ख पुसून ठेवायचे, स्टीलच्या डब्यासारखा. तेही चूक. आतून पुसला की प्लास्टिकला करंट धरतो, कंगव्याला केस चिकटतात तसं औषध भिंतीला चिकटतं. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यातून काढायचा आणि नुसता निथळत ठेवायचा. पंपावर आकडा असतो, एकशेवीसपासून खाली येतो, रोज चार म्हणजे बरोबर महिना. हे मात्र झकास, कॅप्सूल संपत आल्यात हे नेहमी शेवटच्या दिवशी रात्री कळायचं.

नातवाने मोबाईलवर शोधून सांगितलं की हा पंप 1956 साली अमेरिकेत आला, एका औषध कंपनीच्या अध्यक्षाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता, ती म्हणाली केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही. कंपनीचं नाव रायकर. आपल्यातले नव्हेत, मी दोनदा विचारलं. पण पोरगी हुशार. आता कोणीतरी ते नळकांडं घडी घालता येईल असं करावं.

चूल आता मागच्या अंगणात पत्र्याखाली गेलीये, तिथे एक बाई बसते, तिलाही मी तोंड फिरवून बसायला आणि लाकूड वाळकंच घालायला सांगते, बाकीचं गॅसवर. दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली. मधे तुळजापूरच्या एसटीत धाप लागली तेव्हा पिशवीतून स्पेसर काढला, धाप लागली की घ्यायचा तो वेगळा निळा पंप लावला, आणि सगळ्या बसने वळून बघितलं. पलीकडच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाबांनी खिशातून रोटाहेलर काढून दाखवला, मी पण आहे म्हणाले. त्यात कॅप्सूल आधीच भरलेली होती. घाटात बस हेलकावे खात होती तरी मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेले तर तोच पोरगा, तोच फॉर्म, आता दुसऱ्यांदा भरायचा. मी विचार करून भरला. शिकायला सोपं? फारसं नाही. सोबत न्यायला? अजिबात नाही. स्वच्छ करायला? थोडंफार. औषध आत पोचतंय असं वाटतं का, तिथे बऱ्यापैकी. एकही अतिशय नाही. त्याने बेरीज केली आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला काकू, आधी पन्नासपैकी सत्तेचाळीस होते, आता अठ्ठावीस. म्हटलं मग? या तीन महिन्यांत एकदाही रात्री वाफ घ्यायला पळावं लागलं नाही, कालच नवी पेठेतून दोन पिशव्या घेऊन चालत आले, ते कुठल्या चौकोनात टाकू सांग. तो फॉर्म खालीवर बघत बसला, मग पेनने मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहायला लागला, आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारला.