डावीकडं ओढणारं मशीन

फोनवर यार्डवाल्याला मी एकच अट घातली होती: मी पोचेपर्यंत त्या जुन्या लोडरची चावी कुणी फिरवायची नाही. थंड इंजिन कितव्या दमात उठतं, धूर कसला टाकतं, हे थंडपणीच कळतं. एकदा तापलं की सगळीच इंजिनं शहाण्यासारखी वागतात. बेळगावजवळच्या काकतीच्या पुढं हायवेच्या कडेला जुन्या मशीनांचं ते यार्ड. गेलो आणि आधी सायलेन्सरला हात लावला. गरम.

"बॅटरी उतरलेली अण्णा, म्हणून जरा चालू केलं," यार्डवाला म्हणाला.

"असू दे की. गार होईपर्यंत खालचं बघू."

आमचं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत, हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांचं. सिलिंडर, पंप, मोटारी उघडायच्या आणि जोडायच्या. जुनं मशीन घेणारे अधनंमधनं बरोबर नेतात. या वेळी जांबोटीकडचा एक पोरगा होता, सोबत वडील. पोराचं टायरचं मशीन आहे, भाड्यानं चालतं. पण खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे पावसाचं आगर. जूनपासून तांबडी माती लोण्यासारखी होते आणि टायर पोटापर्यंत जातो. भाताची खाचरं, काजूच्या बागा, घरामागचे चर, सगळीकडनं बोलावणं येतं आणि याला दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं लागतं. म्हणून त्यानं रबरी चेनचा छोटा लोडर हेरला होता. आपल्याकडं असल्या सगळ्या मशीनना बॉबकॅटच म्हणतात, हे दुसऱ्या कंपनीचं होतं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या केलर बंधूंची. १९५७ साली एका शेतकऱ्याला टर्कीच्या शेडमधली घाण काढायला जागच्या जागी वळणारा लोडर हवा होता, तो त्यांनी करून दिला. चेन त्याला पुष्कळ नंतर आली.

वडिलांना यातलं काही नको होतं. त्यांचा एकच प्रश्न, "आमच्या खाचरात बुडंल काय हे?"

मी हिशोब करून दाखवला. मशीन साडेतीन टन. एकेक चेन ३२ सेंटिमीटर रुंद, जमिनीला टेकते साधारण १४० सेंटिमीटर. दोन्ही मिळून नऊ हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला चारशे ग्रॅमच्या आतबाहेर. माणूस चालताना एका पावलावर येतो तेवढाच भार. म्हातारा आकड्यांनी हलला नाही. यार्डच्या कोपऱ्यात बोअरच्या पाण्यानं चिखल झाला होता, त्यात एका टायरच्या मशीनचे गुडघाभर खड्डे पडलेले. "मग नंतर त्यातनं घालून दाखवा," म्हणाला. मला हा गिऱ्हाईक आवडला.

मीटरवर एकवीसशे तास. मीटर मी शेवटी बघतो. पायाखालची पेडलं झिजून गुळगुळीत, काठाचं लोखंड उघडं पडलेलं, आणि सीट मात्र कोरी. एकवीसशे तासांत पेडल असं होत नाही. यार्डवाला म्हणाला, मीटर बंद पडलेला, नवा घातलाय. कधी घातला, त्याला सांगता येईना.

चेन जवळजवळ नवी होती. पोरगा त्यावरच खूश. मी त्याला खाली बसवून स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, दाखवलं. दातांची एक बाजू खाल्लेली, टोकं आकड्यासारखी वाकडी. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की दात तिच्या आतल्या लोखंडी पट्ट्यांत नीट बसत नाहीत, घासत जातात आणि नवी चेन अकाली खातात. चेन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसते, स्प्रॉकेट दिसत नाही, म्हणून विकणारा खर्च कुठं करतो ते ओळखावं. डाव्या बाजूच्या एका रोलरचं सील गेलेलं, तेलावर धूळ बसून काळा गोळा झालेला. बकेटच्या पिनेत पहार घालून उचकटलं, थोडं खेळत होतं. बुश घालून जमेल. बूम म्हणजे बकेट उचलणारे हात, त्यांच्या जोडांना आणि फ्रेमला तडा किंवा नवं वेल्डिंग कुठंच नव्हतं. ते असतं तर तिथंच उठलो असतो. मोटार, पंप, रोलर सगळं बदलता येतं. वाकलेली फ्रेम बदलता येत नाही.

कागद पोरानं मागितले. मशीन परदेशातनं जुनंच आलेलं, तेव्हा बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, होता. फ्रेमवरच्या प्लेटचा नंबर अंक-अंक जुळवला. जुळला.

जेवणं झाली, इंजिन गार झालं, मग चावी. एका दमात उठलं, थोडा पांढरा धूर आला आणि विरला. तेल भरायचं झाकण उघडलं तर वाफ जोरानं नव्हती. इंजिन चांगलं होतं. मी तसं म्हटल्यावर यार्डवाल्याचा चेहरा खुलला आणि त्यानं चहा सांगितला.

खरी परीक्षा तेल तापल्यावर. यार्डमध्ये मुरूमाचा ढीग होता, तो इकडचा तिकडं ढकलायला पोराला बसवलं. पहिला अर्धा तास मशीन सुतासारखं सरळ. पुढं तेलाच्या टाकीला हात सोसवेना झाला आणि मला दिसलं, दोन्ही लिव्हर पूर्ण पुढं असताना नाक हळूहळू डावीकडं झुकतंय. भरलेल्या बकेटला जास्त, रिकाम्याला कमी.

यार्डचा मिस्त्री गोकाककडचा, कन्नड-मराठी एकात एक बोलणारा. "चेन ढिल्ली आदे, टाइट माडतो," म्हणाला आणि ग्रीसगन आणली. त्याला करू दिलं. चेन ताणली, मशीन तसंच डावीकडं.

असल्या मशीनला दोन्ही चेन फिरवायला तेलाच्या दाबावर चालणारी वेगवेगळी मोटार असते, आणि प्रत्येकीला तेल देणारा वेगळा पंप. डाव्या बाजूची ताकद कमी पडत होती हे उघड. प्रश्न असा, की डाव्याला तेल देणारा पंप दमलाय की तेल घेणारी मोटार? गार तेल दाट असतं, झिजलेल्या फटीतनं फार निसटत नाही. तापून पातळ झालं की दाब आतल्या आत गळून जातो, बाहेर थेंब दिसत नाही. म्हणूनच असले दोष सकाळी झाकलेले राहतात.

मी पाइप बदलायला घेतले. डाव्या पंपाचे पाइप उजव्या मोटारीला, उजव्याचे डाव्याला. काम सोपं, पण या सर्किटमध्ये धुळीचा कण गेला तर नवीनच दुखणं, म्हणून सुटलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच टोपी. बूम वर करून सपोर्टच्या लोखंडी खुंट्या लावल्याशिवाय मी आत डोकं घालत नाही. मिस्त्रीनं खुंट्यांशिवाय हात घातला तेव्हा त्याला बाहेर ओढलं. लोडरच्या बूमखाली माणसं मेलेली आहेत.

पुन्हा मुरूम, पुन्हा तापवणं. दोष पंपात असता तर मशीन आता उजवीकडं गेलं असतं. गेलं डावीकडंच. मोटार.

डाव्या मोटारीचा ड्रेन पाइप, म्हणजे आत निसटलेलं तेल परत नेणारा, सोडून त्याखाली पांढरं धुतलेलं फडकं धरलं. तेल झिरपून गेलं आणि फडक्यावर बारीक सोनेरी चमक राहिली. चुंबक फिरवलं, एकही कण उचलला नाही. म्हणजे लोखंड नव्हे, पिस्टनच्या टोकांना असतात त्या बुटांचं कांस्य झिजायला लागलेलं. लोखंडी चुरा असता तर बेअरिंगची शंका घेतली असती, आणि खर्च वाढला असता. मिस्त्री फडक्यावर वाकून बघत राहिला. मग मालकाला म्हणाला, "हौद री, मोटारच आहे." हौद री म्हणजे होय हो. त्याच्या मालकाला ते आवडलं नाही, पण त्या माणसाबद्दल माझं मत तिथं चांगलं झालं.

म्हाताऱ्यानं चिखलाची आठवण करून दिली. पोरानं मशीन घातलं. चेनच्या नक्षीचे ठसे उमटले, बोटभर खोल, त्या गुडघाभर खड्ड्यांच्या शेजारनं पलीकडं गेलं आणि उलटं परत आलं. वडील काही न बोलता चप्पल काढून ठशात पाय ठेवून आले.

मग व्यवहार. मी मध्ये पडत नाही, फक्त फडकं बॉनेटवर पसरून ठेवलं. दोन स्प्रॉकेट, एक रोलर, मोटारीचं काम, मजुरी, असं कागदावर मांडलं आणि तेवढी रक्कम बोलीतनं वजा झाली. यार्डवाला बराच वेळ 'परवडत नाही' म्हणाला. वडील उठून गाडीकडं चालायला लागल्यावर परवडलं. इसार तिथंच दिला, आणि पावतीवर प्लेटचा नंबर लिहून घ्यायला पोरगा विसरला नाही.

परत येताना त्यानं विचारलं, किती वजन उचलायचं? चेनच्या लोडरला मशीन कलंडतं त्या वजनाच्या ३५ टक्के धरतात, टायरच्या असल्याच लोडरला ५० टक्के. याचं कलंडायचं वजन दोन टन, म्हणजे सातशे किलो. ओला मुरूम घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरतो, तेव्हा चारदशांश घनमीटरची बकेट काठोकाठ भरली की आठशे. पावसात बकेट पाऊणच भर, आणि चढावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला. जागच्या जागी गरगर फिरायची हौस सिमेंटवर करायची नाही, चेनचं रबर तिथंच जातं. रोज संध्याकाळी चेनमधला चिखल फावड्यानं काढायचा, वाळला तर रोलर फिरत नाहीत.

डावी मोटार आमच्या दुकानात उघडली. पिस्टनचे बूट आणि त्यांची प्लेट गेलेली, बेअरिंग शाबूत. नवा संच घालून, दोन्ही स्प्रॉकेट बदलून मशीन जांबोटीला गेलं. उजवी मोटार उघडली नाही. चालतंय तोवर चालू दे, पण दर वेळी तेल बदलताना ड्रेनचा फिल्टर कापून आतला कागद पसरून बघायचा, असं पोराला सांगितलं होतं. तो कापतो, आणि फोटो मला पाठवतो.