पत्रे का नाही घातले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात डिचोलीला आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस गॅरेजच्या स्लॅबवरचा लाकडी डेक बघतं आणि म्हणतं, एवढ्या पैशांत पत्रे घातले असते, गळती थांबली असती. ही हौस कशाला?

हौस होती, नाकारत नाही. पण पत्र्याखाली कोकमाची सोलं वाळत नाहीत. आमचं घर चढावर, गॅरेज रस्त्याला, त्यामुळे आईला स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरलं की तो स्लॅब. झाडांमुळे अंगणात ऊन नाही, मे महिन्यातलं तिचं सगळं वाळवण तिथंच. आता तिचे गुडघे वरच्या गच्चीपर्यंत पोचत नाहीत. तिला तिथं बिनधास्त वावरता यावं, एवढंच मला हवं होतं.

‘मग सरळ फरशी घालायची!’ वजन कोण धरणार? माणसं वावरणार नसतील तर छपराला चौरस मीटरमागे ७५ किलो भार धरतात, वावरणार असतील तर १५०. आमच्या स्लॅबवर आधीच चार इंच कोबा होता, म्हणजे ऊन-पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर. त्याचंच वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास. इंजिनिअर म्हणाले, आधी कोबा काढा, मग बोलू.

तो कोबा बाबांनी घातलेला. गवंडी होता, पण वरचे फरशीचे तुकडे बाबांनी उकिडवं बसून एकेक पारखून बसवले होते. तेव्हा मी इंजिनिअरशी भांडले. कोबा राहू दे, त्यावरच हलका डेक बसवा, म्हणत होते. ते म्हणणं मला आजही अगदीच चूक वाटत नाही. त्याच कोब्याने इतकी वर्षं स्लॅबला उन्हापासून वाचवलं होतं.

ब्रेकर लावायला इंजिनिअरनी मनाई केली, स्लॅब हादरेल म्हणून. छिन्नी-हातोड्यानेच काम. बाबा खुर्ची घेऊन दारात बसले. प्रत्येक घावाला त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला जायचा. मी आत चला म्हटलं, उठले नाहीत. एप्रिल महिना, पाऊस जाऊन सहा महिने झालेले, आणि कोब्याखालून निघालेले विटांचे तुकडे ओले. बाबांनी एक उचलला, अंगठ्याने दाबला. अंगठ्याला लाल चिखल लागला. म्हणाले, “म्हणजे हे पाणी मीच साठवून ठेवलं होतं?”

मी म्हटलं, “नाही हो बाबा, तुम्ही ऊन अडवलंत.” दोन्ही खरं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

खाली छताचा गिलावा सुटला होता, सळ्या गंजून फुगल्या होत्या. त्या दुरुस्त केल्या, शंभराला एक असा उतार काढला, वॉटरप्रूफिंगचा थर दिला. मग पन्हाळी बुजवून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. खाली एक डागही आला नाही, तेव्हाच लाकूड आणलं. माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या फळ्या, खाली रबरी पॅड, आडवे वासे उताराच्याच दिशेने, म्हणजे पाणी अडत नाही. सगळं मिळून चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास. फळ्यांचे चौक उचलता येतात. पावसाआधी खालचा पाचोळा काढायलाच लागतो, नाहीतर पन्हाळ तुंबते. कठड्यासाठी मेस्त, म्हणजे सुतार, वरून भोकं पाडायला निघाला होता, मी ड्रिल बंद करायला लावला. ज्या थरासाठी एवढं केलं त्यालाच भोक? कठडा बाहेरच्या बाजूने, तुळईत बसवला.

वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथं. लाकडाला दरवर्षी तेल द्यावं लागतं, शेवाळ घासावं लागतं. पत्र्यांना यातलं काहीच लागलं नसतं, हे तुमचं बरोबर आहे. बाबा तर अजून म्हणतात, कोब्याच्या फटी वेळेवर भरल्या असत्या तर तो आणखी टिकला असता. इंजिनिअरना हे पटत नाही. मला कधी पटतं, कधी नाही. आईची सोलं मात्र यंदाही तिथंच वाळली.